म बांगड्याचा

बंदी लागली की मिरकरवाड्याचा आवाज जातो. जून आणि जुलै असे दोन महिने बोटी समुद्रात सोडायच्या नाहीत असा नियम आहे, आणि त्या दिवसांतला समुद्र पाहिला तर नियम नसता तरी कुणी शहाणा माणूस गेला नसता. एरवी बंदराजवळच्या आमच्या शाळेची खिडकी उघडली की इंजिनांची धडधड, लिलावाचा गलका, बर्फ फोडल्याचे आवाज आणि टेम्पोवाल्यांची भांडणं, सगळं वर्गात येऊन बसतं. माझं बोलणं दुसऱ्या बाकापर्यंत पोचतं. मागच्यांनी माझे हातवारे बघून समजून घ्यायचं. बंदीत हे सगळं थांबतं आणि उरतो तो पाऊस. त्याच्याविषयी माझी तक्रार नाही, तो निदान एकाच सुरात बोलतो.

यंदाची बंदी लागून तीन आठवडे झाले. काल शाळा सुटल्यावर मुद्दाम जेटीवरून चालत आले. बोटी एकमेकींना खेटून उभ्या होत्या, अंगावर निळ्या ताडपत्र्या, दोर करकचून बांधलेले. शेडमध्ये पुरुषमाणसं जाळी मांडीवर घेऊन बसली होती. वर्षभर ज्या बापांचं मुलांना नीट दर्शनही होत नाही, ते या दोन महिन्यांत घरी असतात. त्यामुळे वर्गात मस्ती वाढते, डब्यात बापाच्या हातचं काहीतरी जळकं असतं, आणि पोरं ते कौतुकाने खातात. मला हा मोसम फार आवडतो. त्या आवडीचं कारण तीन वर्षांपूर्वीच्या एका बंदीत आहे. पण ते सांगायचं तर आधी माझी फजिती सांगावी लागेल.

मी मूळची चिपळूणच्या वरच्या अंगाची. आमच्याकडे भाताची शेती, थोडी नाचणी, चार काजू. वडील माळकरी, त्यामुळे घरात मासळी कधी शिजली नाही. माझी बदली मिरकरवाड्याजवळच्या शाळेत झाली तेव्हा घरची मंडळी दोन दिवस हसत होती. वासाची सवय मला सहा महिन्यांत झाली. नावांची मात्र झाली नाही. माझ्या लेखी मासे दोनच प्रकारचे, ओले आणि सुके. पोरं मला 'बाई, आज घोळ गावली' म्हणून डोळे विस्फारून सांगायची आणि मी 'अरे वा' म्हणायचे. घोळ गावणं ही लॉटरी लागल्यासारखी गोष्ट असते हे मला फार उशिरा कळलं.

सानिका तेव्हा दुसरीत होती. पहिलीलाही माझ्याकडेच होती, म्हणजे हात झटकायला मला जागा नव्हती. दोन वेण्या, त्यांना कायम वेगवेगळ्या रंगाच्या रिबिनी, आणि बोलायला लागली की समोरच्याला दम घेऊ देणार नाही. खिडकीबाहेर इंजिन वाजलं की मान न वळवता 'शंभूकाकाची बोट आली' म्हणून सांगायची, आणि ती शंभूकाकाचीच असायची. मी एकदोनदा खात्री करून घेतली होती. गाणी पाठ, गोष्टी पाठ, पाढेही बऱ्यापैकी. पुस्तक उघडलं की मात्र ही पोर वेगळीच होऊन जायची.

तिला सगळीकडे ब दिसायचा. फळ्यावर मी लिहिलं होतं, 'मला मजा आली.' सानिकाने उभं राहून ठणठणीत आवाजात वाचलं, 'बला बबा आली.' वर्ग हसून लोळला. मी दटावलं, पण खरं सांगायचं तर मलाही हसू दाबावं लागलं. मी तिला तक्त्यासमोर उभी केली. 'हे कुठलं अक्षर?' मी म वर छडी ठेवली. ती म्हणाली, 'ब.' ज वर ठेवली. 'ब.' आणि ब वर ठेवली तेव्हाही 'ब'च. त्यातलं निदान एक उत्तर बरोबर होतं. पोरांनी तिला बबा म्हणायला सुरुवात केली, आणि हळूहळू ती वाचायला उभीच राहीनाशी झाली. तिची पाळी आली की तिचं पोट दुखायचं.

गंमत म्हणजे सगळ्या वर्गाबरोबर तक्ता म्हणायचा असला की तिचा आवाज सर्वांत मोठा. 'म माशाचा, ज जहाजाचा, ब बदकाचा,' सगळं बिनचूक. त्यामुळे मला वाटायचं, अक्षरं हिला माहीत आहेत, लक्ष नाही. आता कळतं की आपण आरतीही अशीच म्हणतो. वर्षानुवर्षं म्हणतो, टाळ्या वाजवतो, आणि मधल्या एखाद्या शब्दावर कुणी बोट ठेवलं तर गडबडतो. सगळ्यांच्या सुरात सूर मिसळला की तोंडाला कानाची गरज उरत नाही. सानिकाचं तोंड तक्ता म्हणत होतं आणि डोळे त्याच वेळी दुसरंच काहीतरी बघत होते. काय बघत होते, हे विचारायचं मला वर्षभरात सुचलं नव्हतं.

त्याच जूनमध्ये वरून एक फॉर्म आला. दुसरीतल्या ज्या मुलांना अक्षरओळख नाही त्यांची नावं जुलैअखेर पाठवायची, मग त्यांची तपासणी होईल आणि शेरा मिळेल. तपासणीत वाईट काही नाही. ज्या मुलाला खरोखरच वेगळी मदत लागते त्याच्यासाठी ती देवासारखी धावून येते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण जिला तिची गरज नाही अशा मुलीचं नाव एकदा त्या रकान्यात गेलं, की घरापासून बाजारापर्यंत त्याचा एकच अर्थ होतो. मी फॉर्म पिशवीत ठेवला. पेन्सिलीने एक नाव लिहून ठेवलं, पेनाने गिरवायचं बाकी होतं.

पालकसभेला सानिकाची आई आली. सुरेखाताई लिलावात मासळी घेऊन बाजारात बसते, बंदीत सुकी मासळी घेऊन दारोदार फिरते. सभा संपेपर्यंत ती भिंतीला टेकून उभी राहिली. बाकावर बसा म्हटलं तर 'नको, कपड्यांना वास येतो' म्हणाली. सगळे गेल्यावर पुढे आली.

"बाई, एक इचारू? खरां सांगा. माझी पोर मंद हाय काय?"

मी म्हणाले, "बघू."

या 'बघू'ची मला आजही लाज वाटते. डॉक्टरने आणि शिक्षकाने 'बघू' म्हटलं की समोरच्या माणसाने काय समजायचं ते तो समजतो. सुरेखाताईने मान हलवली, चपला घातल्या आणि पावसात निघून गेली. छत्री तिच्या हातातच होती, ती उघडायचं तिला सुचलं नाही. मी खिडकीतून बघत राहिले आणि मला स्वतःचा राग आला.

दोन दिवसांनी मी सानिकाच्या बापाला भेटायला निघाले. नाव पाठवायचं तर घरच्यांना तोंडावर सांगून पाठवायचं, एवढी तरी रीत पाळावी म्हणून. पिशवीत फॉर्म होता आणि तक्त्याचंच छोटं पुस्तक होतं, मुलीला काय येत नाही ते दाखवायला. म्हणजे पुरावाच बरोबर घेऊन निघाले होते म्हणा ना.

दत्ताराम हा एका ट्रॉलरवर तांडेल आहे, म्हणजे बोट त्याच्या हुकुमाने चालते. शेडमध्ये तो जाळ्याच्या ढिगात बसला होता. पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवून हाताने भराभर फाटका भाग विणत होता. शेजारी सानिका त्याला सुईत दोरा भरून देत होती. मला बघून ती बापाच्या पाठीमागे सरकली. दत्तारामने एक उलटी बादली पुसून मला बसायला दिली.

"बोला बाई. काय बोलनी द्यायची असतील तर मला द्या. तिला नको," तो म्हणाला.

मी पुस्तक काढलं. त्याला म्हटलं, तुम्हीच बघा. पहिलं पान उघडून म दाखवला आणि सानिकाला विचारलं, "हे अक्षर कुठलं?"

"ब," ती बापाच्या पाठीमागून म्हणाली.

"अगं, चित्र बघ ना. चित्रात काय आहे?" एवढ्या दिवसांत हा प्रश्न मी तिला पहिल्यांदाच विचारत होते.

"बांगडा."

"नीट बघ."

सानिकाने नीट बघितलं. बापाकडे बघितलं. दत्तारामनेही हातातलं जाळं बाजूला केलं आणि पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. "बांगडाच हाय वो बाई," तो म्हणाला. "पाठीवरच्या रेघा बघा. शेपूट बघा. ज्यानं काढलाय त्यानं समोर ठेवून काढलाय."

मी पान उलटलं. ज जहाजाचा. "हे काय?"

"बोट," सानिका म्हणाली.

"बोटच हाय ती," तिचा बाप म्हणाला.

आणखी एक पान उलटलं. बदक. "बदक," ती म्हणाली, आणि तेवढ्यावर आमचं तिघांचं एकमत झालं.

बाहेर पाऊस धो धो ओतत होता आणि मी बादलीवर बसून तीन पानं पुढेमागे करत होते. बांगड्याचा ब. बोटीचा ब. बदकाचा ब. मुलीला शिकवलं होतं की चित्राचं नाव घ्यायचं आणि त्याचा पहिला आवाज धरायचा. तिने वर्षभर अगदी इमानदारीने तेच केलं होतं. एकही चूक केली नव्हती.

"चुकली काय ती?" दत्तारामने विचारलं.

"नाही. मी चुकले," मी म्हणाले.

त्या क्षणी मला किती बरं वाटलं हे मी कुणाला समजावून सांगू शकत नाही. स्वतःची एवढी मोठी चूक सापडल्याचा आनंद आयुष्यात दुसऱ्यांदा झालेला नाही. मी हसायला लागले, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. दत्ताराम जरा घाबरला. त्याने कुणालातरी हाक मारून चहा सांगितला. सानिका मात्र बापाच्या पाठीमागून बाहेर आली आणि माझ्या बादलीला टेकून उभी राहिली.

चहा पिताना मी दत्तारामला फॉर्मचंही सांगून टाकलं. मग त्याने मला समजावलं, आणि समजावताना त्याला माझी कीव येत होती. मासा असं कुणी म्हणत नाही. सगळी मिळून असतात तेव्हा ती म्हावरां. एक एक वेगळा काढला की त्याला त्याचं नाव असतं. "तुमच्या वर्गात पोरां बसतात, तुमी कुनाला 'ए मुला' म्हनून हाक मारता काय?" तो म्हणाला. इतर पोरांचं कसं निभावलं कोण जाणे. कुणाच्या घरी मोठी बहीण शिकवायला होती, कुणी बालवाडीतून अक्षरं घेऊन आला होता, कुणी सवयीने माझ्या म्हणण्याला मान डोलावून पुढे गेला होता. सानिकाला बांगड्याला मासा म्हणणं जमलं नव्हतं, कारण समोर बांगडा दिसत होता.

त्यानंतरचे पाच आठवडे माझ्या नोकरीतले सर्वांत सुखाचे. वाचन डोळ्यांपासून सुरू होतं असं आपण धरून चालतो. मीही तसंच धरलं होतं. तक्ता लावायचा, अक्षर गिरवून घ्यायचं, वही भरायची. पण अक्षर हे आवाजाचं चित्र असेल, तर आधी तो आवाज सुटा ऐकू यायला हवा. आणि बोलताना कुठे काय सुटं असतं? आपण 'बांगडा' म्हणतो तेव्हा आपल्याला तळलेला वास येतो, हाताला कल्ले लागतात, भूक लागते. मुलाला तो वास, ती भूक, सगळं क्षणभर बाजूला ठेवून नुसता शब्द ऐकायचा असतो. तो तीन तुकड्यांचा आहे, पहिला तुकडा बां असा वाजतो, आणि त्या बां मध्येही आणखी बारीक असा ब लपलेला आहे. पाच-सहा वर्षांच्या जिवाकडून आपण एवढी मोठी गोष्ट मागतो आणि मागतोय हे आपल्याला ठाऊकही नसतं. आपल्याला ती कधी जमली ते आपण विसरून गेलेलो असतो.

मी तक्ता भिंतीवरून उतरवून ठेवला. पुस्तकं बंद. वर्गाला म्हटलं, आता पंधरा दिवस नुसतं ऐकायचं. शब्द म्हणायचा आणि तोडायचा. टाळ्या वाजवून तोडायचा प्रयत्न केला, तो फारसा जमला नाही, टाळ्यांचाच धुमाकूळ झाला. मग सानिकाने मार्ग काढला. ती म्हणाली, "बाई, साफ करू या." मासळी साफ करतात तसा शब्द साफ करायचा. डोकं काढायचं, शेपूट काढायचं, मधले तुकडे मोजायचे.

मग काय विचारता. "बांगड्याचं डोकं?" बां. "शेपूट?" डा. "मधे काय राहिलं?" ग. "पापलेटचं डोकं उडवा." पलेट. "सुरमईचं शेपूट उडवा." सुरम. "कोळंबीचं डोकं काढा." ळंबी, आणि त्यावर सगळा वर्ग पाच मिनिटं हसला. पोरं एकमेकांची नावं साफ करू लागली. माझं नाव साफ केलं, मुख्याध्यापकांचं केलं, ते दारात उभे असतानाच केलं. बाहेर इंजिनं नव्हती, लिलाव नव्हता. मागच्या बाकावरचा बारीक आवाजही ऐकू येत होता. तोवर मी कधी विचार केला नव्हता की माझ्या वर्गात वर्षाचे दहा महिने कुणाला काही नीट ऐकूच येत नसेल.

नवा तक्ता करायचं ठरलं. मी मोठ्या उत्साहाने म्हटलं, म म्हावऱ्याचा करू. मला वाटलं आता तरी मी मिरकरवाड्याची झाले. सानिकाने हात वर केला.

"बाई, म्हावऱ्यात म नाय."

"मग काय आहे?"

"म्ह हाय." तिने तळहात तोंडासमोर धरला. "म बोललां की वारा येत नाय. म्ह बोललां की येतो. बघा."

मी माझा तळहात तोंडासमोर धरून बघितलं. म. काही नाही. म्ह. उबदार फुंकर आली. चाळीस पोरं तळहात तोंडासमोर धरून बसली आणि फुंकरा मोजू लागली. डी.एड. होऊन मला सोळा वर्षं झाली होती.

"मग म कशाचा घ्यायचा?" मी नम्रपणे विचारलं.

"मांदेलीचा."

"मांदेली म्हणजे काय गं?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ती घरून सुकवलेली मांदेली कागदात बांधून घेऊन आली, एवढीशी, सोनेरी झाक असलेली. आम्ही ती बघून चित्र काढलं. वडिलांना हे आजही सांगितलेलं नाही.

ज च्या वेळी तर तिने मला पुरतीच अडवली. जाळ्याचा ज घेऊ असं ठरलं होतं. दुसऱ्या एका पोराने जेटीचा ज सुचवला. मी म्हटलं, दोन्ही चालतील, दोन्हीत ज आहे. सानिका ओठांनी काहीतरी पुटपुटत राहिली. जाळं, जेटी, जाळं, जेटी. मग म्हणाली, "बाई, हे दोन येगळे हायत. जाळ्यातला दातावर येतो. जेटीतला नाय." मी म्हणून बघितलं. खरंच वेगळे होते. जन्मभर बोलत आले, आणि एकाच अक्षरात दोन आवाज राहतात हे माझ्या कानाने कधी नोंदलंच नव्हतं, कारण मी ते लिहिताना एकसारखे बघितले होते. लिहायला आलं की आपल्याला लिहिलेलं ऐकू येऊ लागतं. तिला अजून जे वाजतं तेच ऐकू येत होतं. जिच्या नावापुढे मी पेन्सिलीने शेऱ्याची जागा राखून ठेवली होती, ती पोर मला मराठी ऐकायला शिकवत होती. हे तिला सांगितलं असतं तर ती घरी जाऊन झोपली असती. तिला सुट्टी कधी होते याचीच घाई होती.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जेटीवर गेले होते. बंदी उठायला थोडे दिवस राहिले होते, तयारी जोरात होती, नव्या दोराची भेंडोळी उघडली जात होती. सानिका भेंडोळ्याच्या वेष्टणावर वाकून उभी होती. मला वाटलं खेळते आहे. जवळ गेले तर तिचं बोट अक्षरावर होतं. ती म्हणाली, "म." मग थांबली. "ज." परत थांबली. "बू. त." मग तिने डोकं आणि शेपूट आणि मधले तुकडे एकत्र जोडले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मजबूत."

पाऊस होता, माणसं होती, कुणीतरी कुणाला शिव्या देत होतं. म, ज आणि ब. तीनही एका शब्दात, तीनही वेगवेगळे. तिच्या बापाने विचारलं, "काय लिवलाय?" तिने त्याला सांगितलं, आणि पुढचा शब्द वाचायला बोट सरकवलं.

घरी जाऊन मी पिशवीतला फॉर्म काढला. पेन्सिलीचं नाव खोडरबराने पुसलं. कागद स्वस्तातला होता, थोडा फाटला. त्या रकान्यात मी 'निरंक' लिहिलं आणि मला गाढ झोप लागली, भर दुपारी, जेवणसुद्धा न करता.

काल या सगळ्यातून चालत आले, म्हणजे त्या जेटीवरून. सानिका आता पाचवीत आहे. गणिताला रडते, पण गणिताला सगळेच रडतात. वर्गात नवी पोरं आहेत, आणि मी आता दर जूनमध्ये तक्ता लावण्याआधी प्रत्येकाला एकेक चित्र दाखवून विचारते की तुला हे काय दिसतं. उत्तरं ऐकून थक्क व्हायला होतं. यंदा एकाने कमळाला 'देवीची खुर्ची' म्हटलं. एकीला घरट्यात फक्त अंडी दिसली. मी सगळं वहीत लिहून घेते. वर्षभर एका मुलीला काय दिसतं ते मी विचारलं नव्हतं, हे मी विसरलेले नाही, आणि विसरावं असं वाटतही नाही. पण त्या आठवणीचा काटा केव्हाच निघून गेला आहे. राहिलंय ते समाधान, की वेळेत कळलं.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. ती त्याच वर्षीची आहे.

बंदी उठली, बोटी गेल्या, पहिल्या बोटी परतल्या, आणि एका दुपारी मधल्या सुट्टीत सुरेखाताई शाळेच्या दाराशी आली. टोपली काखेत, हात बर्फाने पांढरेफटक पडलेले. आत या म्हटलं तर आली नाही.

"बाई, तां नाव गेलां काय पुढं?"

"नाही गेलं."

"म्हंजे ती मंद नाय?"

"अजिबात नाही. तिचा कान माझ्यापेक्षा तिखट आहे." मग मी तिला सगळं सांगितलं. चित्रातला बांगडा, बोट, बदक, तिन्ही ब. मला वाटलं ती हसेल. दत्ताराम मागाहून हसला होता, मुख्याध्यापक हसले होते, ज्याला ज्याला सांगितलं तो हसला होता. ती हसली नाही. ती माझ्या खांद्यावरून आत, भिंतीवरच्या नव्या तक्त्याकडे बघत होती.

"आमच्या गावच्या शाळेत पन तक्ता होता," ती म्हणाली. "त्याच्यावर पन मासाच होता. मी रोज त्याला बांगडा म्हनायची. बाईंनी मागं बसवली. मग दुसरीतनं काढलीच घरच्यांनी. हिच्या डोक्यात काय शिरत नाय, असां सगळी बोलायची."

व्हरांड्यात पोरं डबे खात होती.

"मग बाई," ती म्हणाली, "मी पन मंद नव्हते काय वो?"

"नव्हतात, सुरेखाताई."

तिने टोपली खाली ठेवली आणि पायरीवर टेकली.

"कुनी सांगितलां नाय," ती म्हणाली.